मीर : एका शब्दाची तीन घरे

सुरुवात एका चुकीच्या कबुलीने करतो. सतरा वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकात तोलस्तोयवर लिहिताना मी मोठ्या आत्मविश्वासाने म्हटले होते की, 'वॉर अँड पीस' हे नाव ही जगाने केलेली ढोबळ चूक आहे. 'वाय्ना इ मीर' या मूळ रशियन नावातल्या 'मीर'चा अर्थ शांतता नसून जग, समाज, लोक असा आहे. तेव्हा त्या कादंबरीचे नाव मराठीत 'युद्ध आणि जग' असेच व्हायला हवे, असा माझा दावा होता. लेख बराच वाखाणला गेला. दोन व्याख्यानांची निमंत्रणे आली आणि तिथेही मी तेच सांगितले. श्रोत्यांच्या चेहऱ्यावर 'अरेच्चा!' उमटते ना, ते पाहायची चटक वाईट असते.

मग कोल्हापूरहून एका निवृत्त शिक्षकांचे पोस्टकार्ड आले. मजकूर दीड ओळीचा. 'आपण म्हणता ते नाव आपण कोणत्या आवृत्तीवर छापलेले पाहिलेत, कृपया कळवावे.' मी कोणत्याच आवृत्तीवर पाहिलेले नव्हते. ऐकले होते. पुण्यात रशियनच्या संध्याकाळच्या वर्गात एका सहाध्यायाकडून ऐकले, पुढे एका रशियन पाहुण्याच्या तोंडून ऐकले, आणि दोनदा ऐकलेली गोष्ट मी वाचलेली समजून चाललो. त्या कार्डाला उत्तर द्यायला मला फार वेळ लागला. हा लेख म्हणजे त्या उत्तराचाच विस्तार आहे.

आमच्या पिढीला 'मीर' हा शब्द तोलस्तोयमुळे भेटला नाही, इरोदोवमुळे भेटला. भौतिकशास्त्राच्या गणितांचे ते पुस्तक, पेरेलमनचे मनोरंजक पदार्थविज्ञान, स्वस्त किंमत, भक्कम बांधणी, आणि पहिल्या पानावर 'मीर पब्लिशर्स, मॉस्को'. मला शाळकरी वयात वाटे की मीर हे कुणा मालकाचे आडनाव असावे. मीर तकी मीर असतो तसा कोणी मॉस्कोचा मीर. उर्दूतला तो मीर 'अमीर'चा संक्षेप, अरबीतून आलेला. आपला मिरासदारही अरबीच्याच 'मीरास' म्हणजे वारसा या शब्दातून आलेला. रशियन 'मीर'शी दोघांचेही काही नाते नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे खेड्यातल्या जमिनीचा विषय येणार आहे आणि तिथे मिरासदार आणि मीर शेजारी शेजारी बसलेले पाहून कुणालाही मोह होईल.

आता नावाची गोष्ट. 1918 पूर्वीच्या रशियन लिपीत 'इ' या स्वरासाठी एकाहून अधिक अक्षरे होती. त्यांतली दोन मुख्य. एक दोन खांब तिरप्या रेघेने जोडलेले. दुसरे एकाच खांबाचे, डोक्यावर टिंब असलेले. ग्रीक परंपरेप्रमाणे अक्षरांना संख्यामूल्यही असे, म्हणून पहिल्याला 'आठाचा इ' आणि दुसऱ्याला 'दहाचा इ' म्हणत. उच्चारात काडीचा फरक नाही. टिंबाचा इ साधारणपणे दुसऱ्या स्वराच्या आधी लिहायचा, असा नियम होता. पण 'मीर' या शब्दापुरता एक खास अपवाद केला होता: शांतता या अर्थी दोन खांबांचा इ, आणि जग किंवा समाज या अर्थी टिंबाचा इ. व्लादीमिर दाल याच्या 1860 च्या दशकातल्या प्रसिद्ध शब्दकोशात या दोहोंच्या नोंदी वेगवेगळ्या आहेत. क्रांतीनंतरच्या लेखनसुधारणेने टिंबाचे अक्षर काढून टाकले आणि दोन्ही शब्द कागदावरही एक झाले.

मराठी वाचकाला ही गोष्ट समजावून सांगायची गरज नाही. 1962 च्या शुद्धलेखन नियमांपूर्वी 'नांव' म्हणजे ज्या हाकेला आपण ओ देतो ते, आणि 'नाव' म्हणजे पाण्यावरची होडी. कानाला बहुतेकांच्या दोन्ही सारखीच लागत, भेद डोळ्यांना होता. अनुच्चारित अनुस्वार गेले आणि नावेला नाव मिळाले. आता पन्नास वर्षांनी कुणी म्हणाले की एखाद्या जुन्या कादंबरीच्या नावातला 'नाव' मुळात सानुनासिक होता, तर आपण जुनी प्रत काढून पाहू. रशियन लोकांनीही तेच करायला हवे होते, आणि ज्यांनी केले त्यांना उत्तर सरळ मिळाले. तोलस्तोयच्या हयातीत छापल्या गेलेल्या आवृत्त्यांवर दोन खांबांचा इ आहे, म्हणजे शांतता. 1879 साली सेंट पीटर्सबर्गला निघालेल्या पहिल्या फ्रेंच भाषांतराचे नाव 'ला गेर ए ला पे', तिथेही शांतताच. शिवाय प्रुधाँचे याच नावाचे फ्रेंच पुस्तक 1861 साली निघाले होते, त्याच वर्षी तोलस्तोय त्याला ब्रसेल्समध्ये भेटला होता, आणि 1864 मध्ये त्या पुस्तकाचे रशियन भाषांतर 'वाय्ना इ मीर' याच नावाने झाले होते. तोलस्तोयने नाव कुठून उचलले याचा अंदाज बांधायला एवढे पुरे आहे.

मग दंतकथा आली कुठून? तोलस्तोयच्या मृत्यूनंतर, 1913 साली बिर्युकोवच्या संपादनाखाली एक आवृत्ती निघाली. तिच्या चार खंडांत मुखपृष्ठे आणि आरंभीची पाने मिळून कादंबरीचे नाव आठ वेळा छापलेले आहे. सात वेळा दोन खांबांचा इ. एकदा, पहिल्या खंडाच्या पहिल्या पानावर, टिंबाचा. एका खिळे जुळवणाऱ्याचा हात चुकीच्या कप्प्यात गेला, बाकी काही नाही. पुढे सोव्हिएत टीव्हीवरच्या एका लोकप्रिय प्रश्नमंजूषेने हीच गोष्ट 'रहस्य' म्हणून घरोघर पोचवली. माझ्या त्या रशियन पाहुण्याने ती तिथेच ऐकली असणार. गोंधळात भर घालायला मायकोव्स्कीची दीर्घ कविता होतीच. पहिल्या महायुद्धाच्या काळात लिहिलेल्या त्या कवितेचे नाव खरोखरच टिंबाच्या इने, 'युद्ध आणि जग' असे आहे. तोलस्तोयच्या नावावर मुद्दाम केलेली ती कोटी. लेखनसुधारणेनंतर कोटीतले टिंब उडाले आणि दोन्ही पुस्तकांची नावे तंतोतंत सारखी झाली.

म्हणजे मी चुकलो होतो. पण इथे एक अडचण आहे, आणि खरे तर तिच्यासाठीच पुन्हा लिहायला बसलो आहे. मुखपृष्ठावरचा वाद निकालात निघाला तरी पुस्तकातला निघत नाही.

1812 चा उन्हाळा. नेपोलियन रशियात घुसला आहे. नताशा रस्तोवा आजारपणातून, अपमानातून नुकती सावरते आहे आणि मॉस्कोतल्या एका घरच्या चर्चमध्ये रविवारच्या उपासनेला उभी आहे. दीक्षित पुढे येऊन प्रार्थनेचे पहिले आवाहन करतो, त्याचा पहिला शब्दच 'मीराम' म्हणजे 'मीर'ची तृतीया. ग्रीक मूळ पाहिले तर अर्थ स्पष्ट आहे: शांत चित्ताने प्रभूची प्रार्थना करू या. पण नताशा ग्रीक मूळ पाहत नाही, ती ऐकते. आणि तिच्या मनात उमटते ते असे की आपण सगळे मिळून, उच्चनीच भेद न करता, वैर न ठेवता, भावाभावांसारखे एक होऊन प्रार्थना करू या. तृतीयेचा तोच शब्द 'शांततेने' असाही आहे आणि 'सर्व समाजानिशी' असाही. तिला दुसरा ऐकू आला आणि त्याच्या पोटात पहिला होताच: वैर न ठेवता.

आता लेखनभेदाचा नियम इथे काय कामाचा? प्रार्थना कानाने घ्यायची असते. तोलस्तोयने हे ठिकाण नेमके निवडले आहे असे मला वाटते. अभिजनांच्या फ्रेंच संभाषणांनी सुरू होणारी ही कादंबरी या पानापाशी पहिल्यांदा एका अशा रशियन शब्दावर येऊन थांबते, जो सरदाराच्या मुलीला आणि मागे उभ्या असलेल्या नोकराला एकाच वेळी ऐकू येतो. यानंतर थोड्याच दिवसांनी बोरोदिनोच्या वाटेवर एक जखमी शिपाई पियेरला सांगतो की आता सगळी जनताच एकदम तुटून पडणार आहे. तिथे शब्द वेगळा आहे, पण कल्पना तीच आहे. पुढे कैदेत पियेरला स्वप्नात थेंबांनी बनलेला, हलता, जिवंत पृथ्वीगोल दिसतो. त्यातला प्रत्येक थेंब पसरू पाहतो आणि इतरांत मिसळतो. 'मीर म्हणजे जग' म्हणणारे लोक या स्वप्नावर बोट ठेवतात. मीही ठेवले होते. तो पुरावा नावाचा म्हणून खोटा आहे, पुस्तकाचा म्हणून खरा.

पण तोलस्तोयला भाबडेपणाने वाचायचे नसेल तर त्याच खंडातले बोगुचारोवोचे प्रकरण सोडता येत नाही. राजकन्या मारियाचे वडील वारले आहेत, फ्रेंच फौजा जवळ आल्या आहेत, तिला गाव सोडायचे आहे. गावकरी जमतात, गावकीची बैठक होते, आणि ते गाड्या-घोडी द्यायला नकार देतात. ती धान्याचे कोठार उघडून देते, तर तेही नाकारतात. हाही मीरच: रशियन खेड्याची गावकी. जमीन सामाईक, तिची वेळोवेळी फेरवाटणी, आणि कराची जबाबदारी सगळ्यांची मिळून. नताशाला चर्चमध्ये जो एकमुखी समाज ऐकू आला, तोच इथे मालकिणीसमोर दगडासारखा उभा आहे. आणि तोलस्तोय काय करतो? निकोलाय रस्तोव घोड्यावरून येतो, पुढाऱ्याला एक ठोसा लगावतो, आणि गावकी विरघळते. प्रसंग जवळजवळ विनोदी करून टाकला आहे. मला हे पान दर वेळी खटकते. सर्वांनी मिळून प्रार्थना करावी हे जमीनदार तोलस्तोयला हवे आहे. सर्वांनी मिळून 'नाही' म्हणावे हे त्या वयात तरी त्याला झेपत नव्हते. शब्दाचे दोन अर्थ तो कवीच्या कानाने एक करतो, तिसऱ्याशी मात्र मालकासारखा वागतो.

हा तिसरा अर्थ मराठी माणसाला पहिल्या दोहोंपेक्षा सोपा वाटायला हवा. त्रिंबक नारायण आत्रे यांचे 1915 चे 'गावगाडा' ज्याने वाचले आहे त्याला 'मीर' म्हणजे काय हे अर्धे तरी ठाऊकच आहे. दालने जमवलेल्या म्हणींत एक आहे, तिचा आशय असा: मीरने जे ठरवले, तेच देवाने न्यायाने दिले. म्हणजे आपले 'पाचामुखी परमेश्वर'. दुसरी म्हणते, मीरकडून एकेक धागा मिळाला तर उघड्याला सदरा होतो. ती आपल्या 'गाव करी ते राव न करी'च्या घरची. तिसरी जरा काळी आहे: मीरमध्ये, चारचौघांत, मरणही साजरे दिसते. आणि 'मिरायेद' असा एक शब्द आहे, शब्दशः 'मीर खाणारा', गावकीच्या जिवावर गबर झालेला. असा माणूस आपल्याकडेही प्रत्येक गावात असतो, पण त्याच्यासाठी एवढा नेमका शब्द आपल्याकडे नाही, याचे मला वाईट वाटते.

या गावकीने एकोणिसाव्या शतकात युरोपचे बरेच डोके खाल्ले. जर्मन प्रवासी हाक्सटहाउझेन 1843 मध्ये रशियात हिंडला आणि त्याच्या ग्रंथाने मीरचा बोलबाला पश्चिमेत केला. 1861 साली भूदासांची मुक्तता झाली तेव्हा जमिनीची किंमत फेडण्याची सामुदायिक जबाबदारी मीरवरच टाकली गेली, म्हणजे मुक्त झालेला शेतकरी गावकीला बांधला गेला. 1881 मध्ये व्हेरा झासुलिचने मार्क्सला विचारले की ही गावकी मोडणे अटळ आहे का. मार्क्सने उत्तराचे लांबलचक मसुदे केले आणि धाडले ते छोटेसे पत्र. त्या मसुद्यांत हिंदुस्थानही येतो: इंग्रजांनी इथली सामाईक जमीनव्यवस्था मोडली याबद्दल मार्क्सने तिथे कडक शब्द वापरले आहेत आणि हेन्री मेनवर टोले मारले आहेत. मेनने दहा वर्षांपूर्वी पूर्व-पश्चिमेच्या ग्रामसमाजांवर व्याख्याने छापली होती. दख्खनच्या गावाची आणि रशियन मीरची तुलना अशी कागदावर झालेली आहे. तुलना अपुरीच, कारण आपल्या गावगाड्याचा आस जात होता आणि मीरमध्ये ती नव्हती. शेवटी स्तोलिपिनच्या 1906 च्या हुकुमाने शेतकऱ्याला मीरमधून आपला वाटा घेऊन बाहेर पडायची मुभा दिली.

आता उगमाकडे वळू. शांतता, जग आणि गावकी हे तिन्ही अर्थ एकाच मुळाचे की तीन वेगळे शब्द योगायोगाने एका उच्चारात आले? अभ्यासकांचे मत पहिल्या बाजूचे आहे. प्राचीन स्लाव्ह भाषेत '-र' हा प्रत्यय लावून नामे होत: 'पिति' म्हणजे पिणे, त्यावरून 'पिर' म्हणजे मेजवानी, 'दाति' म्हणजे देणे, त्यावरून 'दार' म्हणजे देणगी. तसा 'मि' या मुळावरून 'मीर'. 'मीली' म्हणजे लाडका, प्रिय, हा रशियन शब्द त्याचाच '-ल' प्रत्ययाचा भाऊ. हे मूळ मार्दवाचे, गोडव्याचे आहे. संस्कृतात त्याचा नातलग म्हणून 'मयस्' दाखवतात: सुख, तृप्ती. ज्यांच्या घरी रुद्राची आवर्तने होतात त्यांना 'मयोभव', 'मयस्कर' ही शिवाची विशेषणे पाठ असतात. अर्थ विचारला तर मात्र बहुतेक जण गप्प होतात. एके काळी मीही त्यांतलाच होतो.

दुसरा माग अधिक मोहक आहे: 'मित्र'. फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ मेये यांनी 1907 साली दाखवून दिले की इराणी मिथ्र आणि वैदिक मित्र हा मुळात करार, वचनबद्धता यांचा देव. अवेस्तात 'मिथ्र' या सामान्यनामाचा अर्थच करार असा आहे. ऋग्वेदाच्या तिसऱ्या मंडलातले 59 वे सूक्त मित्राचे आहे. तिथे तो लोकांना आपापल्या जागी नीट लावून देणारा म्हणून येतो. मेये यांनी मित्राचे मूळ देवाणघेवाणीच्या धातूशी लावले. तोच धातू आपल्या 'विनिमय'मध्ये आहे, आणि लॅटिनमध्ये 'सामाईक' या अर्थाच्या 'कोम्यूनिस'मध्येही, ज्यातून पुढे 'कम्यून' आले. व्लादीमिर तोपोरोव यांनी हा धागा रशियन मीरपर्यंत ओढला. आपसात करार करून एकत्र राहणारे लोक तो मीर, त्यांच्यातला समेट तो मीर, आणि त्यांच्यापुरते जग तोही मीरच. हे तोपोरोव म्हणजे 1960 साली पालीतून 'धम्मपद' रशियनमध्ये आणणारेच. वेद, अवेस्ता आणि स्लाव्ह लोककथा एका टेबलावर मांडून बसणारा माणूस.

मला हा दुसरा माग खरा असावा असे फार वाटते, आणि म्हणूनच मी त्याच्यावर कमी विश्वास ठेवतो. सतरा वर्षांपूर्वी मी असाच फसलो होतो. अर्थाच्या बाजूने तो सुंदर बसतो. जुन्या रूस राज्यकर्त्यांनी बायझँटियमशी केलेल्या दहाव्या शतकातल्या तहांत 'मीर' शब्द येतो तो दोन पक्षांतल्या करारासाठीच. पण रूपाच्या बाजूने 'मीली'शी असलेले नाते जास्त साधे आहे. आणि एक वाक्य इथे आवर्जून लिहितो, कारण अशा लेखांनंतर फोन येतात: यातला कोणताही माग 'रशियन संस्कृतातून निघाली' असे म्हणत नाही. मामेभाऊ दिसायला सारखे असतात, म्हणून एक दुसऱ्याचा बाप ठरत नाही.

जगाचा अर्थ नंतरचा, आणि त्यात पुस्तकी भाषेचा हात आहे. नवव्या शतकापासून ग्रीक धर्मग्रंथ स्लाव्ह भाषेत आले तेव्हा ग्रीकमधल्या दोन वेगळ्या शब्दांसाठी, 'आयरेने' म्हणजे शांतता आणि 'कोस्मोस' म्हणजे जग यांसाठी, 'मीर' हा एकच शब्द वापरला गेला. रशियनने हा दुहेरी वारसा रोजच्या बोलण्यात ठेवला. बहुतेक भावंडांनी ठेवला नाही. चेक, सर्बियन, बल्गेरियन, स्लोव्हेन या सगळ्यांत 'मीर' म्हणजे शांतताच. जगासाठी 'स्वेत' किंवा त्याचे भाऊ. जुना अर्थ कोपऱ्यात सापडतो: चेकमध्ये विश्वाला 'वेस्मीर' म्हणतात, क्रोएशियनमध्ये 'स्वेमीर', म्हणजे 'सगळा मीर'. पोलिश तर तिसऱ्याच वाटेने गेली. तिथे 'मीर' म्हणजे लोकांत असलेला मान, पत. शांततेला 'पोकुय' म्हणतात, आणि 'पोकुय' म्हणजे खोलीसुद्धा. भाड्याच्या घरासाठी पोलिश जाहिरात वाचणाऱ्याला 'दोन शांतता आणि स्वयंपाकघर' मिळते. दार लावून घेता येईल अशी जागा म्हणजे शांतता, ही व्याख्या पोलंडचा इतिहास पाहता अगदीच विनोदी नाही.

'स्वेत'चा मुक्काम मला टाळवत नाही. त्याचा पहिला अर्थ उजेड, दुसरा जग, आणि सर्बियनमध्ये तिसरा लोक. संस्कृत 'श्वेत' त्याचा सख्खा नातलग. रशियनमध्ये 'बेली स्वेत', शब्दशः 'पांढरा उजेड', म्हणजे हे उभे जग. आपला 'लोक' शब्दही असाच चाललेला आहे: 'रुच्'च्या घराण्यातला, उजेडातली मोकळी जागा, मग जग, आणि मराठीत आज नुसती माणसे. 'लोक काय म्हणतील' यातला लोक एके काळी जंगलातली उजेडाची मोकळीक होता हे कुणाला सांगून पटेल? आणि आपण गावच्या वस्तीला 'पांढरी' म्हणतो ते तिथल्या मातीच्या रंगावरून. त्याचे 'बेली स्वेत'शी नाते नाही, पण शेजारी ठेवून पाहायला काय हरकत आहे.

मराठीची खरी अडचण 'शांतता' या शब्दात आहे. आपली शांतता मुख्यतः आवाजाचा अभाव. वाचनालयात पाटी असते ती. 'शम्'मध्ये विझणे, निवणे, थांबणे आहे. ताप शांत होतो, आग शांत होते, माणूसही शेवटी शांत होतो. ती एकट्याला मिळू शकते. मीर एकट्याचा होत नाही. त्याला दुसरा पक्ष लागतो. त्या अर्थी मराठीतला 'तह' किंवा 'सलोखा' मीरच्या जवळ जातो. गंमत म्हणजे 'मीरावाया' हे विशेषण एकटे, नाम म्हणून वापरले तर आपसातला समेट, कोर्टाबाहेरची तडजोड. आणि तेच विशेषण 'वाय्ना'ला लावले की 'मीरावाया वाय्ना', महायुद्ध.

सोव्हिएत काळात भिंतीभिंतीवर 'मीरु मीर' लिहिलेले असे: जगाला शांतता. एकच शब्द दोनदा, फक्त विभक्ती बदलून. लेखनसुधारणेआधी ही घोषणा डोळ्यांना इतकी एकजिनसी दिसली नसती. 1986 मध्ये अवकाशात गेलेल्या स्थानकालाही 'मीर' हे नाव दिले तेव्हा त्याचा अर्थ कोणता, हे ठरवायची गरज कुणाला वाटली नाही. दोन्ही अर्थ घेऊन ते पंधरा वर्षे पृथ्वीभोवती फिरले आणि 2001 च्या मार्चमध्ये पॅसिफिकमध्ये पाडण्यात आले.

शब्दातली ही सैल जागा नेहमीच इतकी निरागस राहत नाही. 2007 साली रशियात सरकारी हुकुमाने 'रुस्की मीर' या नावाची संस्था स्थापन झाली. अर्थ 'रशियन जग': रशियन भाषा, संस्कृती, ती बोलणारे देशोदेशीचे लोक. हळूहळू हा शब्दप्रयोग संस्थेपुरता राहिला नाही. जिथे रशियन बोलतात ते आपले जग आणि त्या जगाच्या सीमा आपण ठरवणार, असा त्याचा राजकीय अर्थ झाला. आणि शब्द 'मीर' असल्यामुळे त्याला शांततेची, गावकीच्या आपलेपणाची ऊब आयती मिळाली. युक्रेनियन भाषेत हे जमत नाही. तिथे जग म्हणजे 'स्वीत' आणि शांतता म्हणजे 'मिर', जरा खालच्या, पसरट स्वरातला. त्यामुळे युक्रेनियन माणूस रशियनांच्या या 'जगा'ची टर उडवताना उच्चार जसाच्या तसा आपल्या लिपीत उतरवतो, आणि त्यासाठी त्याला लागते ते टिंबाचे अक्षर. रशियनने 1918 मध्ये फेकून दिलेले ते अक्षर युक्रेनियनमध्ये आजही रोजच्या वापरात आहे. म्हणजे तोलस्तोयच्या मुखपृष्ठावर नसलेले टिंब आज खारकीव्हच्या भिंतीवर आहे, आणि तिथे त्याचा अर्थ बरोबर तोच आहे: जग, शांतता नव्हे.

त्या युद्धातल्या दोन्ही राष्ट्राध्यक्षांचे नाव एकच आहे, व्लादीमिर आणि व्होलोदिमिर. या नावाचा अर्थ 'जगावर राज्य कर' असा सर्रास सांगतात. मुळात तसा तो नाही. जुन्या रूपात शेवटी 'मीर' नाही, 'मेर' आहे. त्याचा संबंध थोर, कीर्तिमान या अर्थाच्या जर्मानिक शब्दाशी लावतात. सत्तेने थोर, एवढाच अर्थ. पण 'मेर'चा अर्थ विसरला गेला आणि ऐकणाऱ्यांनी तिथे 'मीर' ऐकला. त्याच साच्यावर 1784 मध्ये 'काकेशसवर राज्य कर' असे व्लादिकावकाझ वसले आणि 1860 मध्ये 'पूर्वेवर राज्य कर' असे व्लादिवोस्तोक. चुकीची व्युत्पत्ती ही माझ्यासारख्या लेखकाची फजिती करते तोवर ठीक असते. नकाशावर उतरली की तिची गावे होतात.

कोल्हापूरच्या गुरुजींना मी शेवटी लिहिले की आपण म्हणता ते खरे, ते नाव मी पाहिले नव्हते. शीर्षक 'युद्ध आणि शांतता'च. त्यांचे उलट टपाली दुसरे कार्ड आले. ते विचारत होते, मग नताशाच्या प्रार्थनेच्या वाक्याचे मराठी कसे करणार? शीर्षकाचे ठीक आहे हो, पण त्या मुलीने जे ऐकले ते?

तेव्हा उत्तर सुचले नव्हते. 'शांततेने प्रार्थना करू या' म्हटले की आवाज बंद होतात. 'सर्वांनी मिळून' म्हटले की वैर सोडण्याचा भाग जातो. पुढे एका आषाढात दिंडी पाहत उभा असताना शब्द मिळाला, आणि तो इतका हाताशी होता की लाज वाटली. मराठीत 'मेळ' म्हणजे सलोखा, आणि 'मेळा' म्हणजे जमलेली माणसे. मीरशी त्याचे रक्ताचे नाते नाही, तो 'मिल्'च्या घरचा. पण 'मेळाने' म्हटले की दोन्ही ऐकू येते. कार्डावर मी एवढेच लिहिले: 'मेळाने प्रभूची प्रार्थना करू या. कसे वाटते?' पत्ता कोल्हापूरचा घातला. ते कार्ड 'पत्त्यावर राहत नाहीत' असा शेरा घेऊन परत आले. ते माझ्याकडच्या कादंबरीच्या तिसऱ्या खंडात, त्याच पानाशी ठेवले आहे.